नळाच्या पोटातले गाव

गेल्या उन्हाळ्यात बीडच्या आमच्या जुन्या घराची पाण्याची लाइन बदलायला काढली. रस्त्यावरच्या मोठ्या पाइपापासून अंगणातल्या हौदापर्यंत आलेला लोखंडी पाइप वडिलांनी घातलेला, चाळीसएक वर्षांपूर्वीचा. पाणी सुटले तरी करंगळीएवढीच धार पडायची, म्हणून शेवटी धाकट्या भावाने प्लंबर बोलावला. त्याने करवतीने पाइप कापला, हातभर तुकडा उपसून उन्हात धरला आणि म्हणाला, ‘‘बघा काका, इतकी वर्षं ह्याच्यातून पीत होते तुम्ही.’’

इंची पाइपात बोटही धड जात नव्हते. आत तांबूस गंजाच्या गाठी वाढून भोक बुजत आले होते, आणि त्या गाठींवर, गाठींच्या फटीत, सगळीकडे तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर. मी बोट फिरवले तर नखात साय निघावी तसा निघून आला. वास विहिरीच्या गाळासारखा. आई ओट्यावर बसून गवार निवडत होती. तिने तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘रांजणाच्या बुडाला असती तीच बुळबुळ आहे ही. रांजण आम्ही आठ दिवसाला राख लावून घासायचो. पाइप कोण घासणार?’’

आईच्या या प्रश्नावर जगभरातल्या प्रयोगशाळांत गेली चाळीस-पन्नास वर्षे काम चालू आहे, हे तिला सांगितले असते तर तिने गवार निवडणे थांबवले नसते. पण खरोखरच तसे आहे. या बुळबुळीत थराला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. मराठीत ‘जैवपटल’ असा भारदस्त शब्द आहे. मला मात्र जीवाणूंची साय म्हणणेच बरे वाटते.

ही साय धरते कशी, ते पाहण्याजोगे आहे. कोरा करकरीत पाइप आणून त्यातून पाणी सोडले की पाण्यातले सेंद्रिय कण त्याच्या आतल्या अंगाला चिकटतात. नव्या भांड्याला पहिल्यांदा धरतो तसा एक अदृश्य ओशटपणा. मग वाहत्या पाण्यातला एखादा जीवाणू भिंतीला टेकतो. बहुतेक परत वाहून जातात, काही तग धरतात. जो टिकला तो आपल्याभोवती चिकट पदार्थ सोडू लागतो. डिंकासारखा हा पदार्थ मुख्यतः साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा असतो, त्यात प्रथिनेही असतात. या चिकट्यात तो स्वतःला रोवून घेतो, दुभंगतो, पुन्हा दुभंगतो. त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचे येऊन बसतात. काही दिवसांत पातळ थर होतो, काही महिन्यांत त्याला उंचसखलपणा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर खांब दिसतात, कमानी दिसतात, आणि त्यांच्यामधून पाणी खेळवणाऱ्या वाटा. गल्लीबोळांसकट वसलेले गावच ते.

गावात असते तशी कामाची वाटणीही इथे आहे. पाइपाच्या लोखंडावर जगणारे जीवाणू आहेत. पहिल्या पाण्याला येणारा तांबडा रंग पुष्कळदा त्यांची करणी. आतल्या थरात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे सल्फेटवर गुजराण करणारे बसतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. स्यूडोमोनास नावाची मंडळी जवळजवळ सगळ्याच पाइपांत हटकून सापडते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे अन्न. या सगळ्यांना चरून खाणारे अमीबाही थरावरून फिरत असतात. इतकेच काय, आपण किती जण जमलो आहोत याचा अंदाज जीवाणू रासायनिक खुणांनी घेतात आणि पुरेशी संख्या झाली की वागणूक बदलतात. ग्रामसभेची गणपूर्तीच म्हणा ना! आपल्याकडे ती होत नाही, त्यांच्याकडे होते.

आता यातली मेख. नळयोजनेतल्या एकूण जीवाणूंपैकी सुमारे पंच्याण्णव टक्के पाइपांच्या भिंतींना चिकटलेले असतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पाण्यात तरंगणारे उरलेले पाच टक्के. आपण तोटीखाली बाटली धरून नमुना घेतो आणि तपासायला पाठवतो, तेव्हा गावातून जाणारे वाटसरू तेवढे मोजतो. गावकरी घरातच असतात.

या गावाचे पहिले दर्शन घडले ते माणसाच्या तोंडात. हॉलंडमधला कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचे कीट खरवडून आपल्या भिंगाखाली धरले आणि वळवळणारे सूक्ष्म जीव पाहून तो थक्क झाला. पुढे त्याने व्हिनेगरने दात धुऊन पाहिले. वरवरचे जीव मेले, कीटाच्या आतले जिवंत राहिले! हे निरीक्षण त्याने लिहून ठेवले, पण त्याचा अर्थ लागायला तीनशे वर्षे जावी लागली. जीवाणूशास्त्र मोठे झाले ते काचेच्या बशीत, शुद्ध पोसलेल्या, सुट्या जीवाणूंवर. निसर्गात ते सुटे राहतच नाहीत, पृष्ठभागाला चिकटून वस्ती करून राहतात, हे बिल कॉस्टरटन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९७८ साली ठासून मांडले. डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी तपासताना त्याला दिसले, की पाण्यात जीवाणू थोडेच आहेत, आणि ओढ्यातल्या दगडांवर त्यांची दाटी आहे. ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यावरून पाय घसरला नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. पण पाय घसरणे वेगळे आणि त्याचा शोध लागणे वेगळे.

लेव्हेनहूकच्या व्हिनेगरचे जे झाले तेच आपल्या क्लोरिनचे होते. क्लोरिन पाण्यातल्या सुट्या जीवाणूला झटक्यात मारतो. थराशी गाठ पडली की मात्र तो वरच्या चिकट्याशीच झगडत संपून जातो, आतल्या घरांपर्यंत पोहोचत नाही. सायीत बसलेला जीवाणू सुट्या जीवाणूच्या शेकडो पट, काही प्रयोगांत हजार पट क्लोरिन सोसतो असे दिसले आहे. पाइप गंजका असेल तर गंजही क्लोरिन खातो. बीडसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. वीतभर खोलीवरून गेलेले पाइप तापतात. ऊबदार पाण्यात क्लोरिन लवकर उडतो आणि जीवाणू जोमाने वाढतात. तोटीपाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असावा असा भारतीय मानकाचा दंडक आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना तो भरपूर असतो. वाटेत टोलनाके इतके, की शेवटच्या गल्लीत पोहोचेपर्यंत खिसा रिकामा.

तरीही सायीला घाबरून जायचे कारण नाही, हे आधी सांगायला हवे. तिच्यातले बहुसंख्य जीवाणू निरुपद्रवी असतात, आणि त्यांच्याशिवाय असलेला पाइप जगात कुठेही नाही. लंडन-न्यूयॉर्कला आहे, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतही या सायीने तोंड दाखवून अभियंत्यांना हैराण केलेले आहे. प्रश्न गावाचा नाही. प्रश्न आहे गावात येऊन दडणाऱ्या परक्यांचा, आणि आपण ते गाव कसे वागवतो याचा.

इथे आमच्या जिल्ह्याची गोष्ट सुरू होते.

बीड शहराला पाणी येते ते एक बिंदुसरेवरच्या प्रकल्पातून आणि दुसरे सिंदफणेवरच्या माजलगाव धरणातून. बिंदुसरा आटली की सगळा भार माजलगाववर, आणि तिथून पाणी येणार कित्येक किलोमीटरचा प्रवास करून. परिणामी शहरातल्या कित्येक भागांनी वर्षानुवर्षे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर संसार केला. आमच्या गल्लीत पाणी सुटायचा दिवस म्हणजे सणच. पहाटे कुणीतरी ओरडायचे, ‘‘आलं, आलं!’’ आधी तोटी सुस्कारे टाकायची, मग खोकायची, मग तांबडी चूळ भरायची. आई पहिल्या दोन बादल्या अंगणात ओतायची. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

तो सुस्कारा कशाचा, ते आता कळते. चोवीस तास दाबाने भरलेल्या पाइपात पाणी सतत बाहेर पडायला धडपडते. भेग असली तर पाणी गळते, पण बाहेरचे आत येत नाही. पंधरा दिवस रिकामा पडलेला पाइप म्हणजे जमिनीत पुरलेली पोकळी. पाणी ओसरताना तो भेगांतून हवा ओढतो, आणि शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचे पाणीही. आतली साय ओलसर अंधारात, क्लोरिनचा त्रास नाही अशा सुखात पडून असते. गटारातून आलेले जंतू तिच्या चिकट्यात अडकतात. टायफॉइडचे जंतू असोत की ई-कोलाय, बहुतेकांना तिथे फार वाढता येत नाही, पण काही काळ आसरा मिळतो. कावीळ करणारे विषाणू तर वाढूच शकत नाहीत, तरी तेही थरात अडकून राहू शकतात. मग पंधराव्या दिवशी पाण्याचा लोंढा येतो आणि सायीचे पोपडे उचकटून घरोघर पोहोचवतो. आईच्या पहिल्या दोन बादल्या त्या याच.

या गोष्टीचा नेटका अभ्यास झाला तो आपल्या शेजारी, हुबळी-धारवाडला. तिथे शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आणि बाकी शहरात काही दिवसांआड पाणी, अशी दोन्ही चित्रे एकाच वेळी होती. पाणी मात्र एकाच शुद्धीकरणातले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१०-११ मध्ये वर्षभर दोन्हीकडचे नमुने घेतले. चोवीस तासवाल्या नळांत ई-कोलाय शंभरात एखाद्या नमुन्यात सापडला. दिवसांआडवाल्यांत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात. पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या धारेत गढूळपणा आणि जंतू जास्त असतात, हेही त्यांनी मोजून दाखवले. आणि घरात साठवलेले पाणी नळाच्या पाण्यापेक्षा अधिक वेळा दूषित निघाले. म्हणजे पाइपातले गाव हंड्यात आणि टाकीत येऊन उपनगर वसवते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. ती लिहावी की नाही असा विचार बरेच दिवस केला.

धार बारीक पडते म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वी आम्ही नळाला टिल्लू मोटर लावली. नळाला मोटर लावायला मनाई असते हे आम्हाला ठाऊक होते. गल्लीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होते, आणि हळूहळू सगळ्यांनीच लावल्या. आधी ज्याची मोटर त्याला पाणी, मग ज्याची मोटर मोठी त्याला. कोपऱ्यावरच्या ज्या दोन घरांत मोटर नव्हती, तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दाराशी यायच्या, आणि आई त्यांना भरून द्यायची. आम्हाला त्यात दानधर्म केल्यासारखे वाटायचे.

मोटर पाइपातून पाणी ओढते तेव्हा पाइपात उलटा दाब तयार होतो. म्हणजे पाणी वाहत असतानासुद्धा भेगांतून बाहेरचे आत शोषले जाते. आमच्या घरापासून नालीपर्यंतचे अंतर चार हात, आणि मोठ्या पाइपाला आमची लाइन जोडलेली ती नेमकी नालीच्या खालून. त्याच पावसाळ्यात माझ्या पुतण्याला टायफॉइड झाला. सव्वीस दिवस ताप, शाळेचे सत्र बुडाले, पोराचे पार चिपाड झाले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘बाहेरचं काही खाल्लं होतं?’’ आम्ही एका सुरात चौकातल्या पाणीपुरीवाल्याचे नाव घेतले. भावाने तर जाऊन त्याला चार शब्द सुनावलेही. दोन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या त्या बिनमोटरच्या घरातली मुलगीही तापाने अंथरुणाला खिळली. ती पाणीपुरी खात नसे.

आमच्या मोटरनेच ते केले असे सिद्ध करण्याजोगे माझ्याकडे काहीच नाही. पाणीपुरीवाल्यानेच केले असेल. पण तो कापलेला पाइप हातात घेऊन उभा होतो तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाची आठवण झाली, एवढे खरे. तो आता त्या चौकात नसतो.

गटार आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडली की काय होते याचे दाखले आपल्या देशात कमी नाहीत. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी मैलापाणी शिरले आणि सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. पुढे तो ई प्रकारच्या कावीळीचा विषाणू ठरला. अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात हातपाय लुळे पाडणाऱ्या गुईलेन-बारे आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जीवाणू सापडला आणि सगळ्यांचे डोळे पाण्याकडे वळले. आणि पाइपातल्या मूळ गावकऱ्यांपैकीही एखादा उलटतो. फिलाडेल्फियात १९७६ साली एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाने तिसाच्या आसपास माणसे दगावली. त्याला कारण ठरलेला लिजिओनेला हा जीवाणू पाण्याच्या यंत्रणांतल्या सायीत, अमीबाच्या पोटात राहतो. अमीबा त्याला गिळतो आणि तो आतून अमीबालाच खातो.

आमच्याकडे पाइपाइतकाच महत्त्वाचा दुसरा पाइप म्हणजे टँकर. चाकांवरचा पाइपच तो. २०१६ आणि २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यातली गावेच्या गावे टँकरवर जगली. टँकरच्या पोटात उतरून कोणी तो घासला आहे असे मी तरी पाहिलेले नाही. मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला. ते आटले आणि त्याच्यावर विसंबलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ‘जलदूत’ हे नाव तेव्हा घरोघरी झाले. प्रत्येक वाघिणीत चोपन्न हजार लिटर. या वाघिणी आधी कोट्याच्या कारखान्यात नेऊन वाफेने धुतल्या होत्या, ही बातमी तेव्हा एका ओळीत येऊन गेली. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. वाफेची धग सायीच्या मुळापर्यंत पोहोचते, क्लोरिनला ते जमत नाही. टँकरच्या नशिबी असे धुणे कधी येत असेल?

खेड्यांत या साऱ्याचा भार ज्याच्यावर असतो त्याला जलसुरक्षक म्हणतात. ग्रामपंचायतीचा शिपाई बहुधा. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर, अर्धा तास थांबणे, मग नळापाशी ओटी घालून पिवळा रंग येतो का पाहणे, असे त्याचे काम. ताज्या पावडरीत क्लोरिन तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उडून जातो, आणि वीस टक्क्यांखाली गेलेली पावडर म्हणजे निव्वळ चुना. पुष्कळ ठिकाणी ते पोते खताच्या पोत्याशेजारी तोंड उघडे टाकून पडलेले मी पाहिले आहे. आरोग्य खाते वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देते. लाल कार्ड मिळालेल्या एका गावात मी विचारले, तर सरपंचांनी ते फळीवरून काढून दाखवले. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होते.

घरच्या घरी तपासायची एक साधी सोय मात्र आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक छोटी बाटली जगापुढे ठेवली. तिच्यात पाणी भरायचे, ऊबदार जागी ठेवायचे. दिवस-दीड दिवसात पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचा संसर्ग आहे असे समजायचे. प्रयोगशाळा नको, वीज नको. आज ही पद्धत कितीतरी देशांत वापरली जाते.

सायीची दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. जर्मनीत १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने हजारो माणसे मेली. त्याला लागूनच असलेले आल्टोना मात्र बरेचसे वाचले. पाणी दोघांचेही एल्बे नदीचेच, पण आल्टोनाचे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून यायचे. या गाळणीच्या वाळूवर जीवाणूंची साय धरते, आणि तीच येणाऱ्या रोगजंतूंना अडकवते, खाऊन टाकते. साय खरवडली की गाळणी काही दिवस निकामी होते. जिथे बसायला हवी तिथे बसलेली साय अशी राखण करते. पाण्याच्या तळाशी शेवाळ धरलेल्या जुन्या दगडी विहिरी पिढ्यान्पिढ्या प्यायल्या गेल्या, त्यात या राखणीचाही थोडा वाटा असावा.

आमच्या बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. सलाबतखानाने ती बांधवली. सरकारी खजिना तिच्यावर खर्ची पडला म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. जमिनीखालच्या वाटांनी पाणी येते आणि उताराने शेतांकडे जाते. पंप नाही, मोटर नाही. चारशेहून अधिक वर्षे त्या दगडांवर साय बसलेलीच आहे. पण तिच्यातले पाणी कधी पंधरा दिवस थांबले नाही आणि कुणी ते ओढलेही नाही. उन्हाळ्यात तिच्या काठाशी उभे राहिले की गारवा लागतो. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा मास्तरांनी सांगितले होते, की हिचे पाणी दुष्काळातही आटत नाही. आम्ही पोरे खडे टाकत होतो.

नवीन प्लास्टिकचा पाइप आता बसला आहे. गंज धरणार नाही; साय धरेल, धरायला लागलीही असेल. भावाने तो नालीपासून लांबून, वरच्या अंगाने आणला, त्यात अंगणातली जास्वंद गेली. आईने तोटीला जुन्या सुती लुगड्याचा चौपदरी तुकडा बांधला आहे. बांगलादेशातल्या खेड्यांत असेच जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावले तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगावर साय करून बसतो आणि घड्यांत ते किडेच अडकतात. हे मी आईला सांगितले. ‘‘मग?’’ ती म्हणाली, ‘‘फडकं रोज वाळवायचं असतं, ते सांगितलं का त्या बायांना?’’

मोटरीचा निकाल मात्र लागायचा आहे. भावाने ती काढून माळ्यावर ठेवली, आणि पुढच्या पाण्याला आमचा हौद अर्धाच भरला. शेजारच्यांच्या मोटरीचा आवाज भिंतीतून येत होता. भावजय काही बोलली नाही. पहाटे साडेतीनला आम्ही दोघे भाऊ अंगणात तोटीशी बसलो होतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातली ती मुलगी घागर घेऊन बाहेर आली. आता कॉलेजात जाते म्हणे. आमच्या दाराशी थांबली नाही. तिच्या स्वतःच्या नळाला पाणी होते.